जुनं आठवतं म्हणजे स्मरणशक्ती शाबूत आहे असं नाही

तुम्ही विचारलंय की वडिलांना पन्नास वर्षांपूर्वीचा नोकरीचा पहिला दिवस बारकाव्यांसकट आठवतो, पण सकाळी कोण येऊन गेलं ते सांगता येत नाही, मग डॉक्टर स्मृतिभ्रंश कसा म्हणतात?

अहो, बहुतेक वेळा तो असाच सुरू होतो. स्मृती नव्याकडून जुन्याकडे पुसत जाते, हे फ्रेंच मानसशास्त्रज्ञ रिबो यांनी १८८१ सालीच लिहून ठेवलंय. स्मृतिभ्रंशाचं सगळ्यात नेहमीचं कारण म्हणजे अल्झायमर. त्याचा पहिला घाव मेंदूतल्या हिपोकॅम्पस नावाच्या भागावर आणि त्याच्या शेजारच्या भागावर बसतो, आणि नवी आठवण पक्की होते ती तिथेच. म्हणजे सकाळचा पाहुणा ते विसरले असं नाही, त्याची नीट नोंदच झाली नाही. जुन्या आठवणी मेंदूच्या बाह्यपटलात मुरलेल्या असतात, म्हणून उशिरा ढासळतात. त्यातही साधारण १० ते ३० वयातल्या जास्त टिकतात, निरोगी म्हाताऱ्यांच्याही.

पण ‘जुनं सगळं पक्कं’ यावर माझा आता विश्वास नाही. माझी आई गाडी चुकल्याचा किस्सा फार रंगवून सांगायची. एकदा मी मध्येच विचारलं, "मग त्या रात्री झोपलात कुठे?" ती थांबली, चष्मा काढून पुसला आणि किस्सा परत पहिल्या वाक्यापासून सुरू केला. शब्द तेच, हशा पिकवायच्या जागाही त्याच. प्रसंग केव्हाच विरला होता, उरली होती ती शेकडो वेळा सांगून घोटलेली गोष्ट. तुम्हीही आडून एखादा प्रश्न विचारून बघा, पण परीक्षा घेतल्यासारखा नको. तपशील बदलले तर ते खोटं बोलत नसतात. रिकामी जागा मेंदू आपोआप भरतो.

नुसत्या वयामुळेही तपशील विरळ होतात, नाव जिभेवर अडतं. पण जरा आठवण करून दिली की ते सापडतं. अल्झायमरमध्ये तशी मदत बऱ्याचदा फुकट जाते. बी-१२, थायरॉईड, नैराश्य यांची तपासणी झाली नसेल तर करून घ्या. आणि दोन-चार दिवसांत एकदम गोंधळ वाढला तर तो आजार पुढे सरकलाय असं धरून बसू नका. संसर्ग किंवा एखादं औषधही कारण असतं. लगेच दाखवा.

उद्या ते कदाचित वारलेल्या आईला शोधतील. "ती गेली" असं दरवेळी सांगू नका, त्यांना ते दुःख दरवेळी नवं असतं. ती कशी होती ते विचारा. आणि जुन्या फोटोंमागे नावं आत्ताच लिहून घ्या. आम्ही उशीर केला. आमच्याकडच्या एका फोटोत आईशेजारी उभी असलेली मुलगी कोण, ते आता कुणालाच माहीत नाही.