नव्या लीगचा पाठीराखा होताना

बाळ, रात्री जागून इंग्लंडचे फुटबॉल सामने बघतोस ते बघ की, कोण नको म्हणतंय? पण आपल्या देशी लीगला तोच गज लावू नकोस. पास चुकतात, पंच चुकतात, अर्धी गॅलरी रिकामी असते. पहिलं वर्ष कुरकुर न करता बघ.

संघ कुठला धरायचा? बेळगावकराची पंचाईतच. राज्य बघितलं तर बेंगळुरू, पण मैदान जवळ गोव्याचं. मी गोवा धरला. २०१५ ची आयएसएल, म्हणजे आपल्या इंडियन सुपर लीगची फायनल गोव्यातच फातोर्ड्याला होती, समोर चेन्नईयिनचा संघ. गोवा २-१ ने पुढे, शेवटची मिनिटं उरलेली. माझ्या शेजारचे काका उभं राहून फटाक्यांचं बोलत होते. तेवढ्यात आपल्याच गोलकीपरकडून स्वयंगोल, लगेच चेन्नईयिनचा तिसरा! काका खाली बसले ते उठेचनात. चोर्ला घाट चढून घरी येईपर्यंत गाडीत कुणी बोललं नाही. त्या रात्री मी खरा पाठीराखा झालो.

आणखी एक. नवी लीग म्हणजे संघ कधी गुंडाळला जाईल नेम नाही. पुणे सिटी २०१९ मध्ये बंद पडला, दिल्लीचा संघ भुवनेश्वरला गेला. म्हणून फुकट पासाच्या मागे लागू नकोस, तिकीट काढ. जर्सी एकच घे, पण खरी घे.

आणि रविवारी आपल्या मैदानावर पोरांची मॅच असली तर तिथंही उभा राहा. चहा माझ्याकडून.