गुण वाढले म्हणजे आजार वाढला का?

प्रश्न : गर्दीत जीव घाबरा होतो म्हणून माझी मुलगी वर्षभर सिटी बसमध्ये चढलेली नाही. तिच्यावर मानसोपचार चालू आहेत आणि दर आठवड्याला तिच्याकडून ‘जीएडी-७’ ही चिंता मोजणारी प्रश्नावली भरून घेतली जाते. तिचे गुण १६ वरून १३ वर आले होते. आता ते पुन्हा १५ झाले आहेत. उपचार फसत आहेत का?
– एक आई, इंदूर

उत्तर : एवढ्यावरून तसे म्हणता येणार नाही. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या या प्रश्नावलीत गेल्या दोन आठवड्यांविषयी सात प्रश्न असून एकूण गुण ० ते २१ असतात, आणि १५ व त्यापुढील गुण तीव्र चिंता दर्शवतात. मात्र अशा मोजमापात थोडा चढउतार एरवीही होतोच. म्हणून इंग्लंडच्या सरकारी मानसोपचार सेवेत किमान चार गुणांचा फरक पडला तरच तो खरा बदल धरतात. त्या हिशेबाने आताची वाढ जशी काळजीची नाही, तसा आधी १३ गुणांवर झालेला आनंदही (तो झाला असणारच) घाईचाच होता.

दुसरे असे की, ही प्रश्नावली मुख्यतः सतत वाटणाऱ्या सर्वसाधारण चिंतेसाठी तयार झाली आहे. बसविषयी तिच्यात एकही प्रश्न नाही. टाळलेल्या प्रसंगाला टप्प्याटप्प्याने सामोरे जाण्याचे उपचार सुरू झाले असतील, तर काही काळ गुण वाढूही शकतात. तेव्हा मुलीची प्रगती तिच्याच अडचणीवर मोजावी : राजवाड्याहून विजयनगरकडे जाताना ती किती थांबे बसमध्ये टिकली, कोणी सोबत होते का, चढताना आणि उतरताना भीती शून्य ते शंभरपैकी किती होती. सोबतीचा रकाना विशेष महत्त्वाचा आहे, कारण आई शेजारी असताना केलेला प्रवास आणि एकटीने केलेला प्रवास यांची बरोबरी होत नाही. ही नोंद मुलीनेच ठेवावी. घरी रोज गुण विचारू नयेत.

पुढच्या भेटीत, मुलीची संमती असल्यास, सर्व गुणांचा आलेख एकत्र पाहावा. ओळीने अनेक आठवडे आलेखही हलत नसेल आणि बसचे थांबेही वाढत नसतील, तर उपचारपद्धतीत काय बदलणार आहात, असे मानसोपचारतज्ज्ञांना स्पष्ट विचारावे.