आजीला कधी सांगणार?

कॅनडातल्या मिसिसागाच्या ताई, तुमचं चार पानी पत्र दोनदा वाचलं. दुसऱ्यांदा चहा घेऊन वाचलं, कारण पहिल्यांदा मला तुमचा राग आला होता.

मुलगा 27 वर्षांचा. चांगली नोकरी सोडून पाळक, म्हणजे चर्चचा धर्मगुरू, व्हायला सेमिनरीत निघालाय. 'दीड दिवसाचा का होईना, आमच्याकडे गणपती बसतो, आणि हा कुणाच्या नादी लागला?' असं तुम्ही विचारता. कुणाच्या, ते तुम्हीच पुढच्या पानावर लिहिलंय. विद्यापीठात असताना त्याचा रूममेट कॅन्सरने गेला. हॉस्पिटलचे पाळक, तिकडे त्यांना चॅप्लेन म्हणतात, अकरा रात्री त्या पोराच्या उशाशी बसून होते. उपदेशाचा शब्द नाही. ओठ कोरडे पडले की ओल्या बोळ्याने टिपायचे, एवढंच. तुमचा मुलगा ते बघत होता. मग दोन वर्षं तो दर रविवारी चर्चमध्ये मागच्या बाकावर नुसता जाऊन बसायचा. तिसऱ्या वर्षी बायबल नीट वाचायला घेतलं, चौथ्या वर्षी बाप्तिस्मा. त्यानंतरची दोन वर्षं शनिवारी बेघरांसाठीच्या स्वयंपाकघरात भांडी घासतोय आणि आता म्हणतो, मला पाचारण झालंय, म्हणजे देवाने या कामाला बोलावलंय. सहा वर्षं झाली याला, ताई. आपण घर घेताना तरी एवढा विचार करतो का? मी लीड्सला एका दुपारी घर पसंत केलं आणि बावीस वर्षं भिंतीची ओल पुसत बसले.

पण माझं भांडण वेगळ्याच ओळीशी आहे. तुम्ही लिहिता, 'सासूबाईंना यातलं काही कळू द्यायचं नाही असं आम्ही ठरवलंय. विचारलं तर सांगतो, पुढे शिकतोय. तसं खोटंही नाही.' डिसेंबरात पुण्याला त्यांचं सहस्रचंद्रदर्शन. नातवाने सोवळं नेसून पूजेला बसावं अशी त्यांची हौस. तो म्हणतो, येईन, आजीच्या पाया पडेन, पण पूजेला बसणार नाही. आणि मी त्याला समजवावं असं तुम्हाला वाटतं, 'एका तासाचा तर प्रश्न आहे, नाटक समज.'

नाही समजावणार. ज्या माणसाला पुढे रोज लोकांसमोर उभं राहून आपल्या विश्वासाबद्दल बोलायचंय, त्याला पहिला धडा खोट्या संकल्पाचा द्यायचा? तोही आजीच्या सत्काराच्या दिवशी?

बाहेर राहिलो की आपल्याला एक खोड लागते, 'आईला सांगू नका.' नोकरी गेली, सांगू नका. अँजिओप्लास्टी झाली, सांगू नका, उगाच काळजी करेल. रविवारच्या व्हिडिओ कॉलआधी सोफ्यावरचे कपडे उचलून आत टाकतो ना, तसं सगळं आत टाकायचं. माझ्या भावाने बर्मिंगहॅमला घटस्फोट घेतला तो आम्ही आईपासून तीन वर्षं लपवला, आणि त्यात मीच पुढे. 'वहिनी कामावर गेलीय', 'वहिनी झोपलीय'. आईला कळलं ते नारायण पेठेत एका हळदीकुंकवाला, हातात वाण घेऊन उभी असताना. सांगणाऱ्या बाईंची मुलगी तिकडेच राहायची. आई रडली नाही, काही विचारलंही नाही. पण त्यानंतर भावाचा फोन आला की फक्त हवा विचारायची. 'थंडी आहे का रे?' जूनमध्येसुद्धा. जाईपर्यंत तेच.

आणि तुम्ही लपवताय कुणापासून? सासूबाई सदाशिव पेठेत वाढल्या, हुजूरपागेत शिकल्या, हे तुमचंच वाक्य. ताई, त्या बाईला हे नवीन आहे असं वाटतं तुम्हाला? काशीत वाढलेले चित्पावन नीलकंठशास्त्री गोरे 1848 साली ख्रिस्ती झाले, पुढे धर्मगुरू झाले. पंडिता रमाबाईंनी 1883 साली इंग्लंडमध्ये बाप्तिस्मा घेतला आणि इथे जवळच केडगावला मुक्ती मिशन उभारून मूळ हिब्रू-ग्रीकवरून बायबल मराठीत आणलं. 1890 साली गुरुवार पेठेतल्या पंचहौद मिशनमध्ये नुसता चहा घेतला म्हणून लोकमान्य आणि रानडे यांच्यासारख्यांच्या मागे प्रायश्चित्ताचं लचांड लागलं होतं. चहा! सासूबाईंनी हे सगळं तुमच्या-माझ्या आधी ऐकलंय.

कवी रेव्हरंड ना. वा. टिळकांचं उदाहरण तर जरूर बघा. 1893 साली आगगाडीत एका युरोपीय सहप्रवाशाने त्यांना नवा करार दिला. 1895 च्या फेब्रुवारीत मुंबईत बाप्तिस्मा झाला तेव्हा त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई सोबत नव्हत्या. पुढे काही वर्षं नवराबायको वेगळे, मूल लहान, नातेवाइकांचे सल्ले. 1900 साली लक्ष्मीबाईंनी स्वतः बाप्तिस्मा घेतला, पण तो त्यांच्या मनाने आणि त्यांच्या वेळेला. टिळकांची भजनं मला फार आवडतात, तरी बायकोला मागे ठेवून गेलेला हा माणूस मला अजून टोचतो. तुमच्या मुलाला निदान आजीला मागे ठेवू देऊ नका.

तेव्हा फोन त्यानेच करायचा, तुम्ही नाही. विमानात बसायच्या आधी. आणि मराठीत. इंग्रजीत 'आय हॅव अ कॉलिंग' म्हणाला तर आजीला वाटेल कॉल सेंटरला लागला. त्याला सांगा, यासाठी आपल्याकडे जुने, वापरून गुळगुळीत झालेले शब्द आहेत. बाप्तिस्मा, उपासना, मंडळी, पाळक, प्रभुभोजन. फादर स्टीफन्सने ख्रिस्ताची कथा मराठी ओव्यांत रचून 1616 साली गोव्यात छापली, म्हणजे शिवाजीमहाराजांचा जन्म व्हायच्या आधी. आला की दोघांना गुरुवार पेठेतल्या पवित्र नाम देवालयात पाठवा, घंटेचा मनोरा वेगळा उभा आहे तो आजीला दाखवू दे. बिबवेवाडीला युनियन बिब्लिकल सेमिनरी आहे, यवतमाळहून 1983 साली आली. आपला नातू शिकतो ते काय असतं, हे आजीला रिक्षाने जाऊन बघता येईल.

पूजेला तुमचे यजमान बसतील, सासूबाईंचा मुलगा तेच. नातवाने पंगतीत वाढावं. भांडी घासणाऱ्याला वाढप काही जड नाही.

तुमचे बाकीचे प्रश्न. लग्नाचं म्हणाल तर कॅथलिक फादर लग्न करत नाहीत, प्रॉटेस्टंट पाळक करतात. तो कुठल्या पंथात आहे हे सहा वर्षांत तुम्ही विचारलं नाहीत, कमाल आहे. पगार आयटीसारखा नसणार, हे त्यालाही कळतं. कोथरूडच्या फ्लॅटचं: धर्म बदलला म्हणून माणसाचा स्वतःचा वारसाहक्क जात नाही, 1850 सालीच तसा कायदा झाला होता. धर्मांतरानंतर झालेल्या मुलांबाबत मात्र हिंदू उत्तराधिकार कायद्यात वेगळं कलम आहे, म्हणून सासूबाईंचं मृत्युपत्र वकिलाकडून करून घ्या. नणंद काय म्हणेल याला माझ्याकडे जागा नाही.

या आठवड्यातच करा. तुमच्या रात्री नऊला इथे सकाळचे साडेसहा होतात, सासूबाईंचा पहिला चहा झालेला असतो, पेपर अजून यायचा असतो. सगळं ऐकून घेतल्यावर त्या बहुतेक एकच विचारतील, 'मग मोदक खाणार की नाही?' त्याचं उत्तर त्याला आधी ठरवून ठेवायला सांगा.