पहिल्यांदाच बेळगावला यायचंय. दोन दिवस पायी फिरण्याइतकं तिथं काही आहे का?

तुम्ही लिहिलंय की छोटं, चालत फिरता येईल असं, चार कलावंतांचं गाव हवंय, "पण बेळगावात दोन दिवस घालवण्याइतकं आहे तरी काय?" या शेवटच्या वाक्यापायी लिहायला बसलो. हेच वाक्य आमच्या दाजींनी अकरा वर्षांपूर्वी आमच्याच सोप्यात बसून, आमचाच कुंदा खात टाकलं होतं.

दाजी पुण्याचे. जावयाला उलटून बोलायचं नाही हा आमच्या घरचा कायदा. गोव्याला जाता जाता गाडी घेऊन आले. दहाला किल्ला "केला", मिलिटरी महादेवाला काचेतूनच हात जोडले, काँग्रेस विहिरीपाशी गाडी बंदसुद्धा केली नाही. गांधीजी आयुष्यात एकाच काँग्रेस अधिवेशनाचे अध्यक्ष झाले, १९२४ चं, ते इथलं, हे सांगेपर्यंत आम्ही पुढच्या चौकात. साडेबाराला पानावर हजर. "झालं की तुमचं बेळगाव!" आई हसली. मी ताक वाढलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी सुरूच होईना. बॅटरी. मेकॅनिक म्हणाला संध्याकाळी बघतो. मी म्हटलं, चला दाजी, पायी.

आमचं घर वडगावात. गल्लीत शिरलं की मागाचा खडखडाट पायाखालून येतो. एका घरात दाजी थांबले ते पंधरा मिनिटं हलेनात. मागावरच्या मावशी माझ्याशी मराठीत, पोराशी कानडीत आणि फोनवर व्यापाऱ्याशी हिंदीत बोलत होत्या, आणि साडीचा काठ काही चुकत नव्हता. तिथून शहापूर. हे सांगली संस्थानात होतं आणि अर्ध्या तासावरचं बेळगाव इंग्रजांकडं. मग कपिलेश्वराचं देऊळ, मग रिसालदार गल्ली. १८९२ च्या ऑक्टोबरात विवेकानंद आले ते आधी इथं भाटे वकिलांकडं उतरले, नंतर हरिपद मित्र नावाच्या बंगाली गृहस्थांकडं गेले. ते दुसरं घर किल्ल्यात आहे, आता रामकृष्ण आश्रमाकडं. म्हणजे आमचा रस्ता स्वामीजींनीच ठरवून दिलेला. मधे गणपत गल्लीत सार्वजनिक वाचनालय, १८४८ चं. तोवर दाजींनी पुण्याच्या कारखानदारीचं पुराण लावलं होतं. मी एवढंच म्हटलं, लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १८८८ मध्ये सायकलचं दुकान काढलं ते बेळगावात. पुढचा फर्लांगभर शांतता.

किल्ल्यात कमल बस्ती, म्हणजे जैन मंदिर. रट्ट राजांच्या काळातली, १२०४ ची, चौथ्या कार्तवीर्याचा मंत्री बीचिराजानं बांधलेली. आत काळ्या पाषाणाचे नेमिनाथ, आणि मंडपाच्या छताला दगडी कमळ लोंबतंय. आदल्या दिवशी दाजींनी वर बघितलंच नव्हतं! आम्ही दोघं मान मोडून पाकळ्या मोजायला लागलो. माझ्या एकाहत्तर, त्यांच्या अडुसष्ट. परत मोजल्या, तरी तेच. खांबापाशी बसलेले एक आजोबा म्हणाले, बहात्तर आहेत बाळांनो, मागच्या, आत्ताच्या आणि पुढच्या काळाचे चोवीस-चोवीस तीर्थंकर. दाजी म्हणाले, "असतील, पण भरतात अडुसष्टच." त्यानंतर घरातल्या प्रत्येक लग्नात हा विषय निघालाय.

तर तुमचं. हायवेवरच्या हॉटेलात राहू नका. खडेबाजार किंवा स्टेशनच्या आसपास राहा. एक दिवस वरचाच रस्ता, उलटा चाललात तरी चालेल. दुसऱ्या दिवशी सकाळी कॅम्पातली झाडं आणि जुनं चर्च, दुपारी झोप, संध्याकाळी नाटक किंवा गाणं असेल तर ते. पेपरात बघा. कुमार गंधर्व इथल्याच सुळेभावीत जन्मले, इंदिरा संत इथं राहिल्या, पु. ल. राणी पार्वतीदेवी कॉलेजात शिकवायला होते, आणि के. बी. कुलकर्णींच्या हाताखाली रवी परांजप्यांसारखे चित्रकार तयार झाले. यांच्या नावाची मोठाली स्मारकं शोधत बसाल तर निराश व्हाल. ही माणसं ज्या गल्ल्यांतून चालत गेली त्या गल्ल्या बघायच्या. कुंदा पावशेर घ्या, जास्त नको, गोडानं तोंड मिटतं. मांडे मात्र मनात खाऊ नका, दुकानातून घ्या. घरी न्यायला वडगाव-शहापूर शिवारातला बासमती.

गोकाकचा धबधबा वगैरे गाडीवाल्यांसाठी, तुमच्या दोन दिवसांत बसवू नका.

खरं सांगायचं तर "चालत फिरता येतं" हे मी जरा छातीठोक बोललो. फुटपाथ आहे तिथं दुकानाचा माल असतो, आणि रस्ता कुठला ना कुठला खणलेला असतोच. जुलैत आलात तर छत्रीचा उपयोग नाही, एवढा पाऊस. गरिबाचं महाबळेश्वर म्हणायचे ते उगाच नाही, पण मे महिन्यात दुपारी तसं म्हणवत नाही. तरी वैशाखातल्या शिवजयंतीच्या मिरवणुकीला जमलं तर याच. गल्लीगल्लीचे चित्ररथ रात्रभर चालतात, त्या रात्री गाडी काढायचा प्रश्नच येत नाही. बसच्या पाट्या कानडीत असतात, कंडक्टरला मराठीत विचारा, सांगतो की ओ.

आणि कमल बस्तीत गेलात की एक काम करा. पाठीवर झोपून मोजता येत नाही, उभ्यानंच मोजा, एका पाकळीवर बोट धरून. किती भरल्या ते मला नक्की कळवा. येत्या मार्गशीर्षात भाचीचं लग्न आहे.