वाचकांचे प्रश्न : टॅब कोणता घ्यावा?

प्रश्न : मी औसा तालुक्यातील एका शाळेत शिक्षिका आहे. आयपॅड घ्यावा की अँड्रॉइडचा टॅब, हे ठरत नाही. कारण शाळेतले फ्लॅश या जुन्या तंत्रावर बनवलेले हलत्या चित्रांचे धडे आणि वेबएम या स्वरूपातल्या काही चित्रफिती शेजारच्या शिक्षकांच्या जुन्या आयपॅडवर उघडत नाहीत.

उत्तर : ताई, फ्लॅशसाठी टॅबची निवड अडवून ठेवू नका. आयपॅडने फ्लॅश कधीच स्वीकारले नाही, फ्लॅशची मालक कंपनी अडोबीने मोबाइलवरील त्याचा विकास नोव्हेंबर २०११ मध्ये थांबवला आणि ३१ डिसेंबर २०२० नंतर संगणकावरचाही आधार काढून घेतला. त्यामुळे कोणताही नवा टॅब घेतला तरी ते धडे आपोआप चालणार नाहीत. रफल नावाचे मोफत साधन जुन्या फ्लॅश फाइली ब्राउझरमध्ये चालवते, मात्र सगळ्याच नव्हे, म्हणून तुमचे चार-पाच धडे आधी संगणकावर तपासा. वर्षानुवर्षे जपलेले धडे वाया जाऊ नयेत, असे मलाही मनापासून वाटते.

चित्रफितींची अडचण सोपी आहे. संगणकावर हँडब्रेक या मोफत प्रोग्रामने त्या एच.२६४ स्वरूपातील एमपी४ करून घेतल्या, तर दोन्ही टॅबवर चालतात. रूपांतर नको असल्यास व्हीएलसी हे चित्रफिती दाखवणारे अ‍ॅप दोन्हींकडे मिळते.

गावात वीज आणि नेट यांचा भरवसा नसेल, तर धडे मेमरी कार्डावर ठेवता येणे मोलाचे ठरते. आयपॅडला कार्डाची खाच नसते, अँड्रॉइडच्या अनेक टॅबना असते. तुमच्या कामासाठी मी तसाच टॅब घेईन. फक्त सुरक्षा अद्यतने किती वर्षे मिळणार, हे दुकानदाराला विचारून घ्या.