आजीच्या खडीची गोष्ट पुरती सांग

ताई, मी 27 वर्षांचा, नाशिकच्या सिडकोत राहतो. मेकॅनिकल डिप्लोमा केलाय. अंबडच्या एका कंपनीत कंत्राटावर होतो. चौदा महिन्यांपूर्वी ब्रेक दिला, तो कायमचाच. सुरुवातीला पहाटे पाचला उठून जिद्दीचे व्हिडिओ बघायचो, वहीत ध्येय लिहायचो. आता दहा वाजले तरी उठवत नाही. बाबा म्हणतात, "72 च्या दुष्काळात तुझ्या आजीनं सिन्नरकडे खडी फोडून घर चालवलं आणि तुला साधी नोकरी मिळेना?" माझ्यातच जिद्द कमी आहे का?

नाही रे. तुला बरं वाटावं म्हणून म्हणत नाहीये.

आजीचंच घे. त्या माउलीच्या कष्टांना तोड नाही. पण ती खडी फोडायला आधी कुणीतरी काम काढलं होतं. त्या दुष्काळात सरकारनं रस्त्यांची, पाझर तलावांची कामं काढली आणि लाखो माणसं त्यावर तगली. तेव्हाचे विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांनी रोजगार हमीची कल्पना लावून धरली, 1977 मध्ये तिचा कायदा झाला. आजीची जिद्द खरीच, पण मस्टरवर नाव चढलं म्हणून त्या जिद्दीची भाकरी झाली. तुझं नाव चौदा महिने कुठल्याच मस्टरवर नाही आणि तू मात्र स्वतःचं मन तपासत बसलायस. बाबांना हे सांग, पण भांडून नको. मला त्यांच्या बोलण्यात रागापेक्षा धास्तीच जास्त दिसते.

1930 च्या सुमारास ऑस्ट्रियातल्या मारिएनथाल गावची कापड गिरणी बंद पडली आणि जवळजवळ सगळं गाव बेकार झालं. मारी याहोदा ही समाजमानसशास्त्रज्ञ आणि तिच्या सहकाऱ्यांनी तिथलं जगणं बारकाईनं टिपून ठेवलं. लोकांकडे वेळच वेळ होता, तरी वाचनालयातून पुस्तकं कमी जाऊ लागली. पुरुषांची चालसुद्धा मंदावली. आधी काम गेलं, मग उभारी गेली. तुझंही तेच झालंय.

तेव्हा उरलेली उभारी जपून वापर. व्हिडिओ बंद कर. जुन्या शिफ्टमधल्या तिघाचौघांना गाठ, फोनवर नको, शिफ्ट सुटताना गेटबाहेर चहाला. "काही असेल तर सांगा" एवढ्यावर सोडू नकोस. कुठल्या मशीनवर माणूस कमी पडतोय, भरती कोण बघतं, सातपूरला किंवा सिन्नरला कुणाची ओळख आहे का, असं नेमकं विचार. तू नुसता ऑपरेटर होतास की सीएनसीचं, म्हणजे संगणकावर चालणाऱ्या मशीनचं, सेटिंगही करायचास, ते पत्रात नाही. सेटिंग येत नसेल तर तेच आधी शिक. महास्वयम या राज्य सरकारच्या नोकरीच्या पोर्टलवर नाव नोंदव, त्याला पैसे पडत नाहीत. आणि नोकरी लावतो म्हणून आधी पैसे मागणाऱ्याला एक रुपयाही देऊ नकोस. घरी बसलेल्या मुलांना अशी माणसं बरोबर हेरतात.

झोप, भूक गेली असेल, जगणंच नको वाटत असेल, तर आजच 14416 वर फोन कर. ही सरकारची टेली मानस सेवा आहे, फुकट आहे आणि मराठीत बोलता येतं.

चहाला कोण कोण आलं ते मला लिही. सेटिंगचंही.