वर्क व्हिसावर इंग्लंडमध्ये आलो आहे. कौन्सिलच्या, म्हणजे इथल्या नगरपालिकेच्या, निवडणुकीत भारतीय नागरिकाला मत देता येतं का?

हो, येतं. तुम्हाला आलेलं पत्र चुकून आलेलं नाही.

तुम्ही लिहिलंय की लंडनजवळच्या स्लाऊ शहरात येऊन चार महिने झाले, बायकोसोबत भाड्याच्या घरात राहता आणि मतदार यादीसाठी घरातल्या माणसांची नावं मागणारं कौन्सिलचं पत्र आलंय. भारतीय पासपोर्टवर नाव भरलं तर व्हिसाला धोका नाही ना, ही तुमची काळजी. धोका अजिबात नाही. भारत राष्ट्रकुलात आहे, आणि राष्ट्रकुल देशाचा नागरिक वैध व्हिसावर इथे राहत असेल तर तो कौन्सिलच्याच काय, पार्लमेंटच्या निवडणुकीतही मत देऊ शकतो. माझ्यासोबत काम करणारा नेपाळी मित्र माझ्याइतकाच टॅक्स भरतो, पण नेपाळ राष्ट्रकुलात नाही म्हणून त्याला मत नाही. त्याला हे सांगताना मला वाईट वाटलं होतं, आणि तेव्हापासून आपल्याकडे असलेलं मत मी कधी वाया जाऊ दिलेलं नाही.

ब्रिटिश साम्राज्यातले सगळे एकाच राजाची प्रजा मानले जात, तिथून हा हक्क आलाय. त्याच पायावर दादाभाई नौरोजी १८९२ मध्ये लंडनच्या फिन्सबरीतून अवघ्या पाच मतांनी पार्लमेंटवर निवडून गेले. पुढे भारताचे संरक्षणमंत्री झालेले कृष्ण मेनन तर १९३४ ते १९४७ लंडनच्या सेंट पँक्रसमध्ये कौन्सिलर होते. आज मात्र निवडणुकीला उभं राहायचं तर कायमस्वरूपी राहण्याची परवानगी हातात लागते. वर्क व्हिसावर फक्त मत देता येतं.

आता मत का द्यावं, ते सांगतो. भारतात घरपट्टी मालक भरतो, त्यामुळे भाडेकरूला तिच्याशी फारसं देणंघेणं नसतं. इथे कौन्सिल टॅक्स घरात राहणारा भरतो, म्हणजे तुम्ही. स्लाऊ कौन्सिलने जुलै २०२१ मध्ये कलम ११४ ची नोटीस काढली. जमाखर्चाचा मेळ बसत नाही, बंधनकारक सेवा सोडून नवा खर्च बंद, असा त्याचा अर्थ. मग सरकारने देखरेखीला कमिशनर नेमले, कौन्सिलच्या जमिनी आणि इमारती विकायला निघाल्या आणि एप्रिल २०२३ पासून कौन्सिल टॅक्स ९.९९ टक्क्यांनी वाढला. त्या वर्षी बहुतेक कौन्सिलांना जनमत न घेता ५ टक्क्यांच्या आतच थांबावं लागत होतं. स्लाऊला सरकारने खास मोकळीक दिली होती. त्या वाढीबद्दल आपल्या मराठी घरांतून मी खूप ऐकलं. पण मतदार यादीत नाव आहे का असं विचारलं की निम्मे लोक गप्प. ‘आपण काय, पाहुणे!’ हे वाक्य मला तेव्हाही पटलं नाही, आजही पटत नाही. बिलावर नाव तुमचं आहे ना?

आणि मतांनी फरक पडतो. ४ मे २०२३ ला झालेल्या निवडणुकीत स्लाऊत वर्षानुवर्षं सत्तेत असलेल्या लेबर पक्षाचं बहुमत गेलं आणि ४२ पैकी २१ जागा घेऊन कन्झर्व्हेटिव्ह सगळ्यात मोठा पक्ष झाला. बरं झालं की वाईट, ते इथे मांडत नाही. पण स्थानिक निवडणुकीला साधारणपणे तिघांतला एकच मतदार बाहेर पडतो, आणि एकेका वॉर्डाचा निकाल काही शे मतांत, कधी काही डझन मतांत लागतो. आपल्याकडच्या एका मोठ्या सोसायटीत जेवढी माणसं असतात, तेवढ्यांत!

मतदान गुरुवारी असतं, सकाळी ७ ते रात्री १०, सुट्टी नाही. २०२३ पासून इंग्लंडच्या स्थानिक निवडणुकांत फोटो असलेलं ओळखपत्र लागतं. भारतीय पासपोर्ट चालतो, कारण राष्ट्रकुल देशांचे पासपोर्ट मान्य यादीत आहेत. फोनमधला ई-व्हिसा दाखवून मात्र चालणार नाही.

२०२३ च्या त्या मतदानाच्या दिवशी राजा चार्ल्सचा राज्याभिषेक दोन दिवसांवर आला होता, गल्लीत झेंड्यांच्या माळा लागल्या होत्या. मी ऑफिसातून थेट मतदान केंद्रावर गेलो. पोलीस नाही, दोरखंड नाही, रांगसुद्धा नाही. दाराबाहेर पक्षाची रिबिनीची फुलं लावलेली दोन माणसं मतदार क्रमांक विचारत होती. आपले मतदार येऊन गेले का, याचा ते हिशोब ठेवतात. क्रमांक सांगायचा की नाही, ही आपली मर्जी. आत टेबलाशी बसलेल्या बाईंनी पासपोर्ट उघडून फोटो पाहिला, यादीवर पट्टी ठेवली आणि माझ्या नावाशी पेन्सिलीने रेघ ओढली. मग लांबट मतपत्रिका आणि लाकडी आडोसा. तिथे दोऱ्याने बांधलेली पेन्सिल. खूण करायची ती फुलीची. आपल्या शाळेत फुली म्हणजे चूक. जो माणूस निवडायचा, नेमकी त्याच्याच नावापुढे फुली मारताना माझा हात क्षणभर थांबला होता. स्लाऊमध्ये एका वॉर्डातून दोन कौन्सिलर निवडले जातात, त्यामुळे दोन फुल्या मारता येतात. एक मारली तरी चालते, तीन मारल्या तर मत बाद. बोटाला शाई लागत नाही, त्यामुळे बाहेर पडल्यावर मी नुसताच बोटाकडे बघत राहिलो.

शेवटी कामाचं. पत्राला उत्तर दिलं की नोंदणी झाली, असं समजू नका. ती सरकारी वेबसाइटवर वेगळी करावी लागते. नॅशनल इन्शुरन्स नंबर (पगाराच्या पावतीवर असतो तो) हाताशी ठेवा, पाचेक मिनिटांत होतं. मतदानाच्या १२ कामाच्या दिवसांआधी ती झालेली हवी. जाहिरातवाल्यांना नाव-पत्ता मिळू नये म्हणून ‘खुल्या यादीत नाव नको’ ही खूण आठवणीने करा. आणि तुमची बायको डिपेंडंट व्हिसावर असेल तर तिलाही मत आहे, पूर्ण आणि स्वतंत्र. तुमच्या अर्जात तिचं नाव येणार नाही, तिला स्वतःचा अर्ज भरायला सांगा. आज संध्याकाळी दोघांनी एकत्र बसूनच भरून टाका.